बोर्डावरची राणी आणि वेशीबाहेरचे घर

तमाशाच्या वगात राजा असतो, राणी असते, प्रधान असतो आणि या तिघांची फजिती करणारा सोंगाड्या असतो. रात्रभर ढोलकी वाजते. पहाटे खेळ उठतो. राजाचा भरजरी अंगरखा पेटीत जातो, राणीचे खोटे दागिने पेटीत जातात आणि तोंडाचा रंग पुसून राजा-राणी दोघेही महारवाड्याची किंवा मांगवाड्याची वाट धरतात. पिढ्यानपिढ्या हेच चालले. आमच्या माणसांना सिंहासन मिळाले ते एका रात्रीपुरते. गावचा पाणवठा मात्र त्यांना दिवसाढवळ्याही मिळाला नाही!

आपल्या जालना जिल्ह्याला हे चित्र परके नाही. 1 मे 1981 रोजी हा जिल्हा औरंगाबादेतून वेगळा झाला. त्याआधी 1948 पर्यंत ही सगळी भूमी निजामाच्या राज्यात होती. वर निजाम, खाली जहागीरदार, त्याखाली देशमुख-पाटील आणि सर्वांच्या पायाशी वेशीबाहेरचा माणूस, अशी ती उतरंड होती. निजाम गेला, पण उतरंडीची सवय गेली नाही. भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत जत्रेत तमाशाची कनात लागली की पुढच्या रांगेत कोण बसणार, दौलतजादा कोण करणार आणि नाचणार कोणाची लेक, हे गावाला न सांगता ठाऊक असे. जालन्याच्या बाजारपेठेचे कौतुक सोन्याच्या पाळण्याची उपमा देऊन होते. पण त्या पाळण्यात कोणाची मुले झोपली आणि कोणाची मुले कनातीमागच्या पेटीवर झोपली, हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न विचारायचा तर एका बाईचे आयुष्य समजून घ्यावे लागते. तिचे नाव पवळाबाई हिवरगावकर. एकेकाळी हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी होते. आज तमाशाच्या इतिहासात ते पठ्ठे बापूरावांच्या नावाला जोडून येते आणि आपल्या चळवळीत तर ते क्वचितच निघते.

पवळाबाईंचा जन्म 1870 सालचा. गाव हिवरगाव पावसा, तालुका संगमनेर. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर. वडिलांचे नाव तबाजी भालेराव. घर महाराचे. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज स्थापन व्हायला अजून तीन वर्षे होती. बाबासाहेबांचा जन्म व्हायला एकवीस वर्षे होती. म्हणजे या मुलीने डोळे उघडले तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. बोलणारा होता तो फक्त देव, आणि तोही तिला मागायला बसलेला!

पवळा खंडोबाला सोडली गेली. मुरळी झाली. आपल्या मराठवाड्यातल्या वाचकांना मुरळी म्हणजे काय हे सांगायला नको. जागरण-गोंधळात वाघ्याबरोबर नाचणारी, देवाशी लग्न लागलेली आणि म्हणून माणसाशी लग्न करता न येणारी बाई म्हणजे मुरळी. या रूढीची खुबी पाहा. नवस बोलायचा घरच्यांनी, लेक द्यायची देवाला, आणि भोगायची गावातल्या बड्यांनी. देवाच्या नावाने दिलेल्या मुलीवर घरच्यांचा हक्क राहत नाही, नवऱ्याचा प्रश्नच येत नाही, आणि तिच्या मुलाला बाप नसतो. धर्म, जात आणि पुरुषी सत्ता या तिघांनी मिळून केलेला हा पक्का बंदोबस्त होता. त्यात गरिबाच्या घरची, त्यातही महार-मांगाच्या घरची मुलगी सहज सापडे.

गळा चांगला, रूप देखणे आणि पायात ताल. मुरळी म्हणून नाचणारी ही मुलगी तमाशाच्या फडात आली. त्या काळात तमाशात बाईचे काम पुरुष करत. लुगडे नेसून नाचणाऱ्या मुलाला नाच्या म्हणत. अशा फडात उघडपणे उभी राहून नाचणारी, गाणारी आणि नाव कमावणारी पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते. नाटक कंपन्यांत बड्या घरचे देखणे तरुण शालू नेसून नायिका होत होते आणि त्यांचा कौतुकसोहळा चालला होता, त्याच काळात महाराच्या या लेकीने बाईचे काम बाई म्हणून केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे पान मोठ्या अक्षरांत असायला हवे होते. पण इतिहास लिहिणाऱ्यांच्या लेखी नाटक म्हणजे कला आणि तमाशा म्हणजे चाळा! मग त्या पानाला जागा कुठून मिळणार?

पुढे पवळाबाईंची गाठ पठ्ठे बापूरावांशी पडली. बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 1866 चा. गाव वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष. जातीने ब्राह्मण, गावचे कुलकर्णीपण घरात. लावणीच्या नादाने या माणसाने कुलकर्णीपण सोडले, सोवळे सोडले, महारा-मांगाच्या फडात ढोलकीच्या तालावर उभा राहिला आणि त्यांच्यातच राहिला. त्याच्या जातीने त्याला टाकले. हे धाडस लहान नव्हते आणि ते मान्य करायला आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. बापूरावांची लेखणी आणि पवळाबाईंचे नृत्य-गायन एकत्र आले आणि मुंबईत गर्दी लोटली. गिरणीत राबणारा घाटावरचा आणि कोकणातला कामगार पगाराचे पैसे मोडून हा खेळ बघायला येऊ लागला. ज्या स्त्रीची सावली गावात चालत नव्हती, तिला बघायला शहरात तिकीट लागू लागले.

इथे थांबून विचार केला पाहिजे. तिकीट काढून आलेला हजारोंचा जमाव कोणाला पाहत होता? एका थोर कलावतीला पाहत होता, की आपल्या पैशाने मिळणाऱ्या एका महार बाईला पाहत होता? दौलतजादा म्हणजे काय हे नीट पाहिले तर उत्तर सापडते. पैसे देणारा बसलेला असतो आणि घेणारी उभी असते. तो नोट धरतो, ती जवळ येते. तो नाव सांगतो, फडातून त्याच्या नावाचा पुकारा होतो. खेळ तिचा, घाम तिचा, आणि नाव मात्र त्याचे गाजते! बोर्डावर ती राणी असली तरी खरा दरबार बोर्डासमोर भरलेला असतो. वगातला राजा खोटा असतो. पुढच्या रांगेतला राजा खरा असतो.

वगातला सोंगाड्या या खऱ्या राजालाही चिमटे काढतो, हे खरे आहे. महाराने राजाला मूर्ख ठरवावे आणि पाटलाने त्यावर हसावे, एवढी मोकळीक तमाशात होती. काही विद्वानांना त्यात बंड दिसते. पण त्या हसण्याची मुदत पहाटेपर्यंतच असे. सकाळी तोच सोंगाड्या पाटलासमोर जोहार घालत असे. ज्या बंडाला मालकाची परवानगी लागते, त्या बंडाने मालकी मोडत नाही.

या कहाणीत एक खरा राजाही आहे. 1908-09 च्या सुमारास पठ्ठे बापूरावांनी आपला मिठाराणीचा वग कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांपुढे केला. पुष्कळ संस्थानिकांनी तमाशे पाहिले, बिदाग्या दिल्या आणि विसरले. शाहू महाराज त्यातले नव्हते. त्यांनी कलावंतांना आश्रय दिला, पण कलावंत ज्या चिखलातून येतात तो चिखलही उपसायला घेतला. 1902 साली त्यांनी मागासलेल्या जातींना संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. 1918 साली महार वतनाच्या बेड्या काढायला सुरुवात केली. 1920 साली देवाला मुली सोडण्याच्या रूढीविरुद्ध कायदा केला, आणि त्याच वर्षी माणगावच्या परिषदेत तरुण भीमराव आंबेडकर हेच तुमचे पुढारी होतील असे अस्पृश्यांना सांगितले. म्हणजे वगातली राणी पाहणाऱ्या या राजाने मुरळीच्या आयुष्याकडेही पाहिले. खेळ पाहणारे राजे हजारो झाले. खेळामागचे घर पाहणारा राजा एखादाच.

मुरळीच्या प्रश्नावर आपली माणसेही गप्प नव्हती. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली सोमवंशीय मित्र हे पत्र सुरू केले आणि मुरळ्यांना ही रूढी सोडण्याचे आवाहन केले. त्याला शिवूबाई नावाच्या एका मुरळीने 1909 मध्ये पत्राने उत्तर दिले, रूढी सोडली आणि लग्न करून संसार मांडला. पवळाबाईंच्या नावावर मुंबईत गर्दी लोटत होती त्या काळातली ही गोष्ट आहे. एका मुरळीला टाळ्या मिळाल्या, दुसरीला घर मिळाले. दोघी एकाच रूढीच्या लेकी. चळवळीने कोणत्या वाटेला बळ द्यायचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आता येतो तो प्रसंग, जो आंबेडकरी चळवळीत अजूनही सांगितला जातो. 1927 साल. मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो होतो. सत्याग्रहाला पैसा हवा होता. आपल्या लोकांची पोटे रिकामी आणि खिसेही रिकामे. अशा वेळी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांच्या उत्पन्नातून देणगी देण्याची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी ती नाकारली. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्या मुक्तीच्या लढ्याला चालणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

या नकारावर आजही वाद होतो. काहींना वाटते, बाबासाहेब कलेबाबत कठोर झाले. संशोधक शैलजा पाईक यांनी 2022 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास मांडताना एक बोचरा प्रश्न उभा केला आहे. प्रतिष्ठेच्या लढाईत या बायकांच्या कपाळी आणखी एक डाग तर लागला नाही ना? पाईक यांना 2024 साली अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुण्याच्या येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या आपल्याच लेकीने विचारलेला हा प्रश्न आहे. तो उडवून लावणे आपल्याला शोभणार नाही.

पण मग नकार कशाला होता, हेही नीट पाहू. तो पवळाबाईला होता का? नाही. तो नाचाला होता का? तोही नाही. नकार त्या व्यवहाराला होता. देणगीदार कलावंत ब्राह्मण, नाचणाऱ्या बायका महार, पैसा मोजणारा प्रेक्षक सगळ्या जातींचा, आणि त्या पैशावर उभी राहणार महारांच्या माणुसकीची लढाई! बाबासाहेबांनी तो पैसा घेतला असता तर आपल्या बायकांचा बाजार आपल्याच लढ्याच्या वहीत जमेच्या बाजूला मांडला गेला असता. बापूरावांची भावना खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण लढा भावनेवर चालत नाही. पैसा कुठून आला, हे विचारल्याशिवाय स्वाभिमान उभा राहत नाही.

याच वर्षाच्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. तुमची जात सांगणारी लुगड्याची नेसण टाका, हातापायांतले कथलाचे आणि चांदीचे जडशीळ दागिने टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी समजावले. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलली. या दोन दृश्यांची तुलना करा. एकीकडे बोर्डावर भरजरी लुगडे नेसून राणी झालेली महार स्त्री. दुसरीकडे महाडच्या मांडवात साधे लुगडे घोट्यापर्यंत नेसून माणूस झालेली महार स्त्री. पहिल्या लुगड्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्या लुगड्याने व्यवस्थेला घाम फुटला!

1936 च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया यांच्यापुढे भाषण केले. त्यांना त्यांनी हीन लेखले नाही. पण गोड बोलून फसवलेही नाही. हा धंदा सोडा आणि आमच्यात या, असे रोखठोक सांगितले. ते कडू होते. पोटाचे काय, हा प्रश्न त्या सभेतल्या कित्येक जणींच्या मनात आला असणार. त्याचे पूर्ण उत्तर एका नेत्याकडे नव्हते आणि असणारही नव्हते. ते उत्तर समाजाने द्यायचे होते. ते आपण किती दिले, हा हिशेब अजून बाकी आहे.

बापूराव आणि पवळाबाई यांची जोडी शेवटपर्यंत टिकली नाही. गर्दी नव्या चेहऱ्यांकडे वळली. 1939 साली पवळाबाई गेल्या. बापूराव 1945 साली पुण्यात विपन्नावस्थेत गेले. ज्यांच्या खेळावर थिएटरवाल्यांनी पैसा केला, त्यांच्या हाती काही उरले नाही. बापूरावांच्या लावण्या मात्र छापल्या गेल्या, संमेलनांत गायल्या गेल्या, त्यांच्यावर ग्रंथ निघाले. लावणीच्या पुस्तकावर शाहिराचे नाव असते. ती लावणी ज्या पायांनी आणि ज्या गळ्याने लोकांपर्यंत नेली, त्यांचे नाव नसते. शब्द उरतात, शरीर जाते. आणि शरीर कोणाचे होते, हेही सोयीने विसरले जाते.

पवळाबाईंच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, जुलै 1942 मध्ये, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. समोर बाबासाहेब. हाही मंचच होता आणि मंचावर आपलीच बाई होती. पण इथे ढोलकी नव्हती, दौलतजादा नव्हता, पुढच्या रांगेत जहागीरदार नव्हता. इथे आपली बाई ठराव मांडत होती. बोर्डावरून मंचावर येण्याचा हा प्रवास पवळाबाईंना जगता आला नाही. तो आपल्या आयाबहिणींनी केला. या प्रवासाची पहिली पायरी म्हणून पवळाबाईंची आठवण ठेवायची, की खाली राहिलेली बाई म्हणून तिला विसरायचे? माझ्या मते विसरणे हा अन्याय आहे. तिने ती जागा निवडली नव्हती. तिला जिथे फेकले गेले, तिथे ती ताठ उभी राहिली.

पवळाबाईंनंतरही हेच घडत राहिले. मातंग समाजातल्या भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातल्या विठाबाईंना तमाशासम्राज्ञी म्हटले गेले. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. गरोदर असताना बोर्डावर नाचता नाचता कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची कथा सर्वांना माहीत आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. कौतुक कसले? बाळंतिणीला घडीभर विसावा न देणारा तो प्रेक्षक कोण होता, हे विचारा! जानेवारी 2002 मध्ये विठाबाई गेल्या तेव्हा या सम्राज्ञीच्या दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांना हात पसरावे लागले. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. मेल्यावर पुरस्कार आणि जिवंतपणी उपेक्षा, हा या व्यवस्थेचा जुना रिवाज आहे. पदव्या सगळ्या दरबारी आहेत, सम्राट काय आणि सम्राज्ञी काय. पण या सम्राज्ञींच्या राज्यात ना जमीन आहे, ना घर, ना म्हातारपणाची भाकरी.

आता आपल्या जिल्ह्याकडे आणि आपल्याकडे पाहू. नेत्याच्या वाढदिवसाला, निवडणुकीच्या विजयाला, नव्या गाडीच्या पूजेला आजही नाचाचे कार्यक्रम होतात. जहागीरदार गेले, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या गेल्या नाहीत. त्यांवर आता ठेकेदार आणि पुढारी बसतात. नोटांऐवजी मोबाईलवर चित्रफिती उडतात. नाचणारी मुलगी रातोरात लाखोंच्या तोंडी जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच चारित्र्यावर चर्चा सुरू होते. नाव तिचे, बदनामी तिची, आणि सत्ता मात्र खुर्चीवाल्याची!

याहून मोठा प्रश्न 14 एप्रिलचा आहे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत कर्णकर्कश डीजे लागतात. त्याची वर्गणी कोण देतो? वाळूचा ठेकेदार देतो, निवडणुकीला उभा राहणारा देतो, दारूच्या दुकानाचा मालकही देतो. त्याच्या नावाचा फलक बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा लागतो. हा नवा दौलतजादा नव्हे काय? तिथे बाई नाचत होती, इथे आपली तरुण पोरे नाचतात. पुकारा त्याच्याच नावाचा होतो. ज्या महामानवाने महाडच्या लढ्यात तिजोरी रिकामी असताना पैसा नाकारला, त्याच्या जयंतीला आपण पावती फाडताना एकदाही विचारत नाही की हा पैसा कुठून आला!

म्हणून जालना जिल्ह्यातल्या जयंती मंडळांना दोन कामे सुचवतो. पहिले, वर्गणीची वही उघडी ठेवा आणि ज्याच्या पैशाने मान खाली जाते त्याचा पैसा घेऊ नका. मिरवणूक लहान झाली तरी चालेल. दुसरे, आपल्या तालुक्यात तमाशात, जागरणात, जलशात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या बायका आहेत. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे आणि आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. कागदपत्रांअभावी आणि ओळखीअभावी हे मानधन पुष्कळ जणींपर्यंत पोहोचत नाही. मंडळातल्या शिकलेल्या पोरांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत. पंचायत समितीच्या पायऱ्या त्यांच्यासाठी चढाव्यात. त्यांच्या नातवंडांची शाळा सुटणार नाही हे पाहावे. जयंतीच्या मंचावर त्यांना नाचायला बोलावू नका. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवा.

पवळाबाईंना आयुष्यभर ती खुर्ची मिळाली नाही. लोकांनी त्यांना राणी केले, पण बसायला जागा दिली नाही. बाबासाहेबांच्या त्या नकाराचा अर्थ एवढाच आहे की आपल्या लेकीबाळींना राण्या करू नका, नागरिक करा. जयभीम!